साडेसतरा वेढ्यांचा न्याय

एक-दशांश आकाराच्या, विजेवर चालणाऱ्या रिमोटच्या टूरिंग कारची शर्यत पाच मिनिटांत संपते. एका फेरीला बारा सेकंद धरले तर पंचवीस फेऱ्या होतात. मोटर जरा सरस असल्यामुळे एखाद्याला फेरीमागे सेकंदाचा दहावा भाग मिळत असेल, तर शेवटी तो अडीच सेकंद पुढे असतो. तोडीस तोड चालकांमध्ये एवढ्या फरकाने पहिले तिन्ही क्रमांक बदलतात. म्हणूनच या खेळात गट पाडले जातात ते मोटरच्या आकड्यावरून, म्हणजे तिच्यातल्या तारेच्या वेढ्यांवरून (इंग्रजीत ‘टर्न’): २१.५, १७.५, १३.५ आणि त्यापलीकडे सगळे मोकळे, म्हणजे ‘मॉडिफाइड’. आकडा सारखा तर मोटर सारखी, आणि मोटर सारखी तर जिंकेल तो हाताच्या कसबावर, असा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब कितपत खरा ठरला, हा या लेखाचा विषय. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मोटरची ताकद ठरवणाऱ्या अर्धा डझन गोष्टींपैकी वेढ्यांची संख्या ही फक्त एक. नियमाने एक गोष्ट बांधली की पैसा आणि कल्पकता पुढच्या मोकळ्या गोष्टीकडे वळते. त्यामुळे ‘सर्वांना परवडणारा, सर्वांना समान’ म्हणून काढलेला मधला गटच पुष्कळदा सर्वांत खर्चिक होऊन बसतो.

ब्रशच्या काळातला वारसा

आकड्याची ही पद्धत ब्रशलेस मोटरबरोबर आलेली नाही. ती जुन्या ब्रशच्या मोटरींकडून वारशाने आली. मबुची कंपनीची ‘५४०’ ही साधी, बंद डब्याची मोटर टामिया कंपनीच्या गाड्यांतून जगभर पोहोचली आणि त्या मापाचा, सुमारे ३६ मिलिमीटर व्यासाचा डबा हेच या खेळाचे प्रमाण माप झाले. अमेरिकेतल्या ‘रोअर’ या संघटनेच्या नियमांत स्टॉक मोटर म्हणजे २७ टर्नची, आणि तिचे टायमिंग, म्हणजे गुंडाळीत वीज किती अंश आधी सोडायची ते, २४ अंशांवर पक्के केलेले. तिच्यावर १९ टर्नचा गट आणि त्याच्याही वर मॉडिफाइड.

तेव्हाही २७ टर्नच्या दोन मोटरी सारख्या नसतच. गुळगुळीत कम्युटेटर हवा म्हणून लोक छोटे लेथ बाळगायचे. ब्रशचा कस आणि स्प्रिंगचा ताण बदलायचे, मंदावलेल्या चुंबकांना पुन्हा जोर आणणारी ‘झॅपर’ यंत्रे वापरायचे. दर दोन-चार शर्यतींनी मोटर उघडून कम्युटेटर तासायचा, हा त्या काळचा रिवाज. ज्याच्याकडे लेथ आणि वेळ, त्याची मोटर पळे. नवख्याची गाडी सरळ पट्ट्यावर मागे पडे, आणि का पडते ते त्याला कळतही नसे.

ब्रशलेस मोटर आली ती ही कटकट संपवण्याचे आश्वासन घेऊन. कॅलिफोर्नियाच्या नोव्हॅक कंपनीने २००० च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत या गाड्यांसाठी सेन्सरवाले ब्रशलेस संच बाजारात आणले. ब्रश नाहीत, कम्युटेटर नाही, मग तासायचे काय? आता समता आपोआप येईल, असे वाटणे साहजिक होते. जुन्या २७ टर्नशी आणि १९ टर्नशी बरोबरी करतील असे नवे आकडे ठरवण्याची खटपट सुरू झाली. त्यात १०.५, १३.५, १७.५ हे आकडे पुढे आले. कुठल्या देशात कोणता आकडा ‘स्टॉक’ मानायचा यावर मात्र बरीच ओढाताण झाली आणि आजही एकवाक्यता नाही.

वेढे काय सांगतात

आपल्याकडे शेतीपंपाची मोटर जळली की ती रीवाइंडिंगवाल्याकडे जाते. तो जुनी तार काढताना वेढे मोजतो, तारेचा गेज बघतो आणि तेवढेच वेढे, त्याच जाडीचे, परत भरतो. वेढे बरोबर पण तार बारीक भरली तर मोटर तापते, हे त्याला पक्के ठाऊक असते. शर्यतीच्या मोटरीत गोष्ट तीच. फक्त तिथे लेबलवर वेढे छापलेले असतात आणि बाकीचे नियमपुस्तकात शोधावे लागते.

स्पर्धेतली ब्रशलेस मोटर तशी साधी असते. बाहेर तीन दात्यांचा स्टेटर, त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. मध्ये निओडिमियम चुंबकाचा दोन ध्रुवांचा रोटर. मागे सेन्सरची छोटी चकती, जी रोटर कुठल्या कोनात आहे ते, मोटरीला वीज सोडणाऱ्या स्पीड कंट्रोलरला कळवते. ‘१७.५ टर्न’ म्हणजे प्रत्येक दात्यावर साडेसतरा वेढे. अर्धा वेढा येतो कुठून? तार स्टेटरच्या एका तोंडाने आत शिरते आणि दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते, म्हणून.

वेढे कमी केले की दोन गोष्टी घडतात. पहिली, त्याच व्होल्टेजला मोटर जास्त वेगाने फिरते. दुसरी, तार आखूड होते आणि तेवढ्याच जागेत जाड तार बसते, म्हणून रोध झपाट्याने घटतो. जागा पूर्ण भरली असे धरले तर रोध वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. या दोन्हींचा हिशेब करून पाहू. १७.५ वरून १३.५ वर गेल्यास मोकळ्या फिरण्याचा वेग साधारण ३० टक्क्यांनी वाढतो, पण मोटर देऊ शकेल त्या कमाल ताकदीचे गणित ६८ टक्क्यांनी वर जाते. वेगळ्या शब्दांत, ८.४ व्होल्टवरची १७.५ ही साधारण ६.५ व्होल्टवरच्या १३.५ सारखी वागते. लेबलवरचे चार आकड्यांचे अंतर दिसते त्यापेक्षा कितीतरी मोठे आहे. प्रत्यक्षात बॅटरी, तारा आणि टायरची पकड ही तफावत पुष्कळ कमी करतात, तरी क्लबात १३.५ आणि १७.५ एकत्र पळवून ‘थोडे इकडे तिकडे’ म्हणता येत नाही.

जोडणीचीही एक भानगड आहे. तीन गुंडाळ्या ‘स्टार’ पद्धतीने जोडता येतात किंवा ‘डेल्टा’ पद्धतीने. डेल्टात मोटर सुमारे १.७३ पट वेगाने फिरते. म्हणजे साडेसतरा वेढ्यांची डेल्टा मोटर जवळपास दहा वेढ्यांच्या स्टार मोटरीसारखी. वेढे मोजणाऱ्याला दोन्ही ‘१७.५’ च दिसतील. म्हणून स्टॉक गटांच्या नियमांत स्टार जोडणी, दोन ध्रुवांचा रोटर, सेन्सर, तारेची जाडी आणि तारांची संख्या, स्टेटरची आणि रोटरची मापे असे एकेक खिळे ठोकलेले असतात. यातला प्रत्येक खिळा कुणाच्या तरी हुशारीला उत्तर म्हणून आला आहे.

मग केव्ही का नको?

खेळण्यांच्या दुकानात आणि ड्रोनवाल्यांत ब्रशलेस मोटर ओळखली जाते ती ‘केव्ही’ या आकड्याने. हा केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. एका व्होल्टमागे मोकळी मोटर मिनिटाला किती फेरे घेते तो हा आकडा. नोव्हॅकच्या सुरुवातीच्या संचांच्या नावातच ५८०० आणि ४३०० असे केव्हीचे आकडे होते. पुढे तीच कंपनी टर्नच्या भाषेकडे वळली.

केव्ही हे परिणामाचे माप, टर्न हे रचनेचे. वरवर पाहता परिणाम मोजणे जास्त न्यायाचे वाटते. पण केव्ही एकट्याने ताकद सांगत नाही. २३०० केव्हीची मोटर ८.४ व्होल्टवर मोकळी फिरवली तर मिनिटाला १९ हजारांच्या वर फेरे घेईल. पण गाडीचा भार पडल्यावर त्यातले किती टिकतील हे तिचा रोध ठरवतो. केव्ही आणि टॉर्क यांचे तर व्यस्त नाते आहे: केव्ही वाढला की दर अँपिअरमागे मिळणारा पीळ त्याच प्रमाणात कमी होतो. शिवाय चुंबक कमजोर झाला तरी केव्ही वाढतो, टायमिंग पुढे सरकवले तरी वाढतो. त्यामुळे केव्हीवर गट पाडायचा तर आधी कुठल्या टायमिंगला, कुठल्या तापमानाला, कुठल्या यंत्राने मोजायचा हे सगळे ठरवावे लागेल. उत्पादकांचे आकडे एकाच पद्धतीने मोजलेले नसतातच. वेढे मात्र स्टेटरवर असतात तेवढेच राहतात, उन्हात आणि थंडीत. नियम करणाऱ्यांनी टर्न धरून ठेवले ते या स्थिरपणासाठी.

एक-अष्टमांश आकाराच्या विजेवरच्या बग्गीत मात्र चार ध्रुवांच्या, केव्हीवर विकल्या जाणाऱ्या मोटरी राजरोस चालतात. तिथे कुणी कुरकुर करत नाही, आणि त्याचे कारण पुढे येईल.

बूस्टचे दिवस आणि लुकलुकणारा दिवा

या खेळातला सर्वांत मोठा गोंधळ मोटरीने घातला नाही. तो घातला स्पीड कंट्रोलरने. रोटर जरा पुढच्या कोनात यायच्या आधीच पुढच्या गुंडाळीत वीज सोडली, की वरचा वेग वाढतो. याला टायमिंग ॲडव्हान्स म्हणतात. मोटरीच्या मागच्या झाकणावर अंशांच्या खुणा असतात. सेन्सरची चकती फिरवून हे टायमिंग हाताने ठरवता येते. पण एकदा ठरवले की ते संथ वेगातही तेवढेच राहते, आणि जास्त ठेवले तर मोटर वीज खाते आणि तापते.

२००९-१० च्या सुमारास स्पीड कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरने हे बंधन तोडले. वेग वाढेल तसे टायमिंग पुढे नेणारा ‘बूस्ट’ आणि थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर सरळ पट्ट्यावर आणखी भर घालणारा ‘टर्बो’. मोटर तीच साडेसतरा वेढ्यांची, पण तिचा वेग वरच्या गटाला लाजवणारा. कंपन्या भराभर नवे सॉफ्टवेअर काढू लागल्या. कालचा महागडा कंट्रोलर आज जुना वाटू लागला. तासन्‌तास लॅपटॉपला गाडी जोडून बसणारा जिंकू लागला आणि चुकीचे अंश टाकणाऱ्याच्या मोटरीतून धूर निघू लागला. स्टॉक हा शिकाऊंचा गट राहिलाच नाही.

यावरचा उपाय खेळाडू ‘ब्लिंकी’ या नावाने ओळखतात. कंट्रोलरला शून्य टायमिंगच्या अवस्थेत टाकायचे. त्या अवस्थेत थ्रॉटल सोडलेला असताना त्यावरचा दिवा लुकलुकत राहतो. शर्यतीआधी गाड्या रांगेत उभ्या असताना पंच नुसता चालत जातो आणि बघतो: दिवा लुकलुकतोय, चला पुढे. इतकी स्वस्त, इतकी उघड आणि सगळ्यांना एकदम दिसणारी तपासणी या खेळात दुसरी झाली नाही. मान्य कंट्रोलरच्या याद्या निघाल्या. हॉबीविंगच्या ‘जस्टॉक’सारखे, बूस्टची सोयच नसलेले स्वस्त कंट्रोलर बाजारात आले. कुठल्याही नव्या नियमाला मी हीच कसोटी लावतो: तो शर्यतीच्या रांगेत, हत्याराशिवाय, समोरच्या स्पर्धकालाही दिसेल असा तपासता येतो का?

एका आकड्याखालच्या अनेक मोटरी

दिवा लुकलुकू लागला आणि पैसा परत मोटरीकडे वळला. मागच्या झाकणावरचे टायमिंग ब्लिंकीतही मोकळेच होते. मग प्रश्न उरला तो कुठल्या अंशाला आपली मोटर सर्वांत चांगली पळते हा. त्यासाठी मोटर तपासण्याची छोटी यंत्रे आली. स्कायआरसीसारख्या कंपन्या ती विकतात. मोटर लावली की यंत्र तिचा केव्ही, टायमिंग आणि मोकळे फिरताना ती खात असलेली वीज दाखवते. खेळाडू टायमिंग हळूहळू वाढवत जातो, अँपिअर एकदम उसळी घेतात त्याच्या जरा अलीकडे थांबतो, आणि झाकणाचे स्क्रू आवळतो.

त्याच यंत्राने पुढचा उद्योगही सोपा केला: निवड. कारखान्यातून निघणाऱ्या कुठल्याही मालात थोडी घट-वाढ असतेच. तारेची जाडी मान्य मापाच्या वरच्या कडेला, वेढे घट्ट, रोटर जोरकस, अशा सगळ्या गोष्टी जुळून आलेली मोटर शंभरात एखादी. रोध आठ टक्क्यांनी कमी असेल तर मोटर सुरुवातीला आठ-नऊ टक्के जास्त वीज खेचू शकते. ती नियमात बसतेच, कारण प्रत्येक गोष्ट मर्यादेच्या आत आहे. अशा निवडक मोटरी वेगळ्या लेबलाने, जास्त किमतीला विकल्या जातात. दहा मोटरी घेऊन नऊ परत विकण्याची ऐपत असलेला खेळाडू तीच निवड घरी करतो.

रोटरचे प्रकरण वेगळे. त्याचा व्यास, चुंबकाचा कस आणि तापमान यांवर मोटरीचा स्वभाव बदलतो. निओडिमियम चुंबक दर अंश सेल्सिअसला साधारण ०.११ ते ०.१२ टक्के जोर गमावतो. तांब्याचा रोध त्याच वेळी दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. मोटर पन्नास अंशांनी तापली की चुंबक सहा टक्क्यांच्या आसपास मंदावतो आणि तारेचा रोध जवळपास वीस टक्क्यांनी चढतो. पाच मिनिटांच्या शर्यतीतली शेवटची दोन मिनिटे ही पुष्कळदा या वीस टक्क्यांची असतात. पंखे आणि थंड मोटर घेऊन रांगेत उतरण्याची घाई यांचा उगम इथे आहे.

बॅटरीची बाजूही तशीच. निकेलच्या सहा सेलच्या ७.२ व्होल्ट पॅकच्या जागी दोन सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी आली. पूर्ण भरल्यावर ती ८.४० व्होल्टची. उच्च व्होल्टेजची लायपो ८.७० पर्यंत भरता येते. फरक साडेतीन टक्क्यांचा दिसतो, पण ताकद व्होल्टेजच्या वर्गाने जाते, म्हणजे सात टक्क्यांचा. म्हणून ८.४० ची मर्यादा आणि रांगेत मीटर लावून तपासणी. हा नियम टिकला, कारण तोही साध्या मीटरने रांगेतच तपासता येतो.

तपासणीच्या टेबलावर

आता मोटर तपासायची म्हणजे काय ते पाहा. गाडीतून मोटर काढायची. मागच्या झाकणाचे तीन लांब स्क्रू सोडवायचे, झाकण आणि सेन्सरची चकती बाजूला करायची, रोटर ओढून काढायचा. तो चुंबक असल्याने हातातल्या पान्याला चिकटतो आणि बेअरिंगचे बारीक शिम टेबलावर घरंगळतात. रोटरचा व्यास गेजमध्ये बसवून बघायचा. स्टेटरची लांबी व्हर्निअर कॅलिपरने. वेढे मात्र वार्निश लावून घट्ट बसवलेले. ते मोजायचे तर मोटर फोडावी लागेल. म्हणून वेढ्यांऐवजी रोध मोजायचा आणि त्यावरून अंदाज करायचा. हा रोध काही मिलिओहमचा. साधा मल्टिमीटर इथे निरुपयोगी. चार तारांचा मिलिओहममीटर लागतो, आणि मोटर गरम असेल तर वाचन वेगळे येते.

हे सगळे राष्ट्रीय स्पर्धेत जमते. ब्रिटनची बीआरसीए, युरोपची एफ्रा, अमेरिकेची रोअर या संघटनांकडे मान्य मोटरींच्या याद्या असतात. उत्पादकाने नमुना द्यायचा, तो तपासून यादीत जायचा. रविवारच्या क्लबात मात्र तपासणी करणारा स्वतःच पुढच्या शर्यतीत गाडी चालवणारा असतो. ज्या नियमाला मिलिओहममीटर लागतो तो क्लबासाठी नियम राहत नाही, विश्वास होतो. विश्वास वाईट नाही. पण त्यावर चालणाऱ्या गटाला ‘काटेकोर’ म्हणू नये.

तोडगे आणि त्यांची किंमत

आजवर जे तोडगे वापरात आले ते चार प्रकारांत मांडता येतील.

पहिला, वेढे वाढवून गट मंद करणे. अमेरिकेतला जुन्या ट्रान्स-ॲम शर्यतींच्या धर्तीवरचा गट २५.५ टर्नवर चालतो, तर रिमोटच्या फॉर्म्युला गाड्या अनेक ठिकाणी २१.५ वर. वेग कमी झाला की अपघात कमी, टायर कमी झिजतात, नवखा टिकतो. पण मंद गटात ताकद इतकी तुटपुंजी असते की प्रत्येक टक्का मोलाचा ठरतो. गाडी मंद केली की मोटरीतला फरक उलट जास्त दिसतो. हा या विषयातला सर्वांत चकवणारा भाग.

दुसरा, गिअरचे प्रमाण बांधणे. पिनियन आणि स्पर गिअरचे दात मोजायला डोळे पुरतात, म्हणून तपासणी सोपी. पण प्रमाण मोकळे असताना कमी रोधाची मोटर शोधणारा खेळाडू, प्रमाण बांधल्यावर जास्त केव्हीची मोटर शोधू लागतो. शोध संपत नाही, दिशा बदलते.

तिसरा, मोटर स्पर्धकाच्या हातून काढून घेणे. आयोजकाने सारख्या मोटरी आणायच्या, चिठ्ठी काढून वाटायच्या, सील लावायचे, शेवटी परत घ्यायच्या. निवडीचा उद्योग एका फटक्यात बंद होतो, आणि राहिलेली घट-वाढ नशिबावर जाते, खिशावर नव्हे. टामियाच्या साध्या बंद मोटरींवर चालणाऱ्या स्पर्धा याच विचाराच्या. अडचण एवढीच की आयोजकाला भांडवल लागते आणि एखाद्याच्या वाट्याला मंद मोटर आली की कुरबूर त्याच्या अंगावर येते.

चौथा तोडगा दिसायला उलटा आहे: सगळे मोकळे सोडणे. इफमार या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या छत्राखालच्या जागतिक स्पर्धांत मॉडिफाइड हाच मुख्य प्रवाह राहिला आहे. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे एक-दशांश ऑफ-रोडची पहिली जागतिक स्पर्धा झाली. मॉडिफाइडमध्ये साडेचार-साडेपाच वेढ्यांच्या मोटरी असतात, आणि खेळाडू त्यांची ताकद कंट्रोलरमधून कमी करत असतात, कारण टायर ती जमिनीवर उतरवू शकत नाहीत. एक-अष्टमांश बग्गीत केव्हीवरून कुणी भांडत नाही त्याचेही कारण हेच. जिथे प्रत्येकाकडे वापरता येईल त्याहून जास्त ताकद आहे, तिथे आठ टक्के जास्त असून काही मिळत नाही.

मग न्याय कुठे?

हे चार तोडगे शेजारी ठेवले की आकृती उघड होते. टोकाच्या दोन जागांवर मोटर निकाल ठरवत नाही: जिथे ती सर्वांची एकच आहे तिथे, आणि जिथे ती सर्वांकडे गरजेपेक्षा जास्त आहे तिथे. मधल्या पट्ट्यात, जिथे मोटर आपली आपण आणायची पण नियमांच्या चौकटीत, तिथे ती निकाल ठरवते. १७.५ चा गट नेमका या पट्ट्यात येतो, आणि अनेक ठिकाणी चांगला भरतो तोही हाच. त्याची लोकप्रियता आणि त्याची महागाई एकाच मुळातून येतात: तो ‘जवळजवळ समान’ आहे, आणि ‘जवळजवळ’ या शब्दात विकण्यासारखे पुष्कळ असते.

हा गट बंद करावा असे मी म्हणणार नाही. मॉडिफाइडचा वेग नवख्याला झेपत नाही. पहिल्याच वळणावर गाडी मोडली तर तो पुढच्या रविवारी येत नाही. पण क्लबांनी या गटाकडून काय मागायचे ते ठरवावे. हौशी आणि शिकाऊंसाठी गट असेल तर एकाच मॉडेलची, टायमिंग पक्के केलेली मोटर ठरवावी, क्लबाने ती घाऊक घ्यावी, गिअरचे प्रमाण बांधावे, आणि अधूनमधून दोन स्पर्धकांच्या मोटरी अदलाबदल करायला लावाव्यात. अदलाबदलीची तयारी ठेवली की कुणीही दहा मोटरींतून एक निवडायला पैसे घालत नाही. निवडलेली मोटर उद्या दुसऱ्याच्या गाडीत जाऊ शकते. राष्ट्रीय पातळीवर मान्य मोटरींच्या यादीबरोबर रोधाची किमान मर्यादा आणि ती कुठल्या तापमानाला मोजायची हे छापले पाहिजे. नुसता टर्नचा आकडा तिथे अपुरा आहे. आणि ज्याला तपासणी नको, मर्यादा नको, त्याला मॉडिफाइडचे दार उघडे आहेच. तिथे मोटर स्वस्तातली घेतली तरी चालते, एवढे त्याला कुणीतरी आधी सांगायला हवे.